पाकीट उलटं करा: खाण्याच्या पॅकेटवरचं लेबल कसं वाचायचं

पाकिटाची पुढची बाजू ही जाहिरात असते. तिथे गव्हाच्या लोंब्या असतात, दुधाची धार असते, आंब्याची फोड असते आणि मोठ्या अक्षरात 'मल्टिग्रेन', 'बेक्ड', 'घरगुती चव' असलं काहीतरी. मागची माहिती मात्र कायद्याने छापावीच लागते आणि खरं काय ते तिथे असतं, बारीक अक्षरात, कधी घडीखाली, कधी चकचकीत चंदेरी कागदावर, पण असतं. आपण भेंडी घेताना टोक मोडून बघतो, नारळ कानाशी धरून हलवतो, आणि पाकीट मात्र चित्र बघून टोपलीत टाकतो. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहितेय. घरात कोणाला शुगर असेल, बीपी असेल, लहान मुलं असतील तर जरा वेळ काढून वाचाच.

अक्षरं दिसत नसतील तर मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा, दुकानातसुद्धा कोणी काही म्हणत नाही. किंवा एकदा घरीच बसा, डब्याशेजारी जेवढी पाकिटं आहेत तेवढी टेबलावर काढा आणि एकेक उलटं करून बघा. घरातल्या ओळखीच्या पाकिटांवर शिकलं की दुकानात अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

सगळ्यात आधी घटकांची यादी बघायची, 'इन्ग्रेडिएंट्स' असं लिहिलेलं असतं तिथे. या यादीचा एकच नियम लक्षात ठेवला तरी निम्मं काम झालं: बनवताना जे वजनाने सगळ्यात जास्त घातलं ते पहिलं, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. म्हणजे पहिली तीन नावं वाचली की तुम्ही मुख्यतः काय विकत घेताय ते कळतं. समजा नाचणीचं बिस्किट आहे, पुढे नाचणीचं कणीस छापलंय, पाकिटाचा रंगही मातकट, आरोग्याला छान वाटेल असा. उलटं केलं तर पहिलं नाव 'रिफाइंड व्हीट फ्लावर', हा मैदाच, कधी कंसात मैदा असं लिहिलेलंही असतं. दुसरं साखर. तिसरं पाम तेल. आणि नाचणी चौथी नाहीतर पाचवी, शेजारी कंसात ६% वगैरे. तो कंसातला आकडा फार कामाचा आहे, कारण पाकिटाच्या नावात किंवा चित्रात एखादा पदार्थ मिरवला असेल तर त्याचं प्रमाण टक्क्यांत सांगावं लागतं. मल्टिग्रेन आटा, ओट्सचे नूडल्स, बदामाचं बिस्किट, आंब्याचं पेय, सगळीकडे तो टक्का शोधा. टक्का बघून घेतलं तर नाचणीचं बिस्किटही घ्या की, फक्त ते बिस्किट म्हणून घ्या, नाचणी म्हणून नको.

यादीत साखरेवर नीट लक्ष ठेवा, कारण ती वेगवेगळ्या नावांनी येते. साखर, ग्लुकोज सिरप किंवा लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप, माल्टोज, गूळ, मध, फळाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट. एकाच पाकिटात यातली तीन-चार असतील तर प्रत्येकाचं वजन वेगळं धरलं जातं आणि प्रत्येक नाव यादीत थोडं खाली सरकतं, सगळं एकत्र केलं असतं तर कदाचित साखरच पहिली आली असती. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणून आणखी एक असतं, ते चवीला फारसं गोड नसतं आणि तक्त्यात साखरेच्या ओळीत मोजलंही जात नाही, पण रक्तातली साखर मात्र झपाट्याने वाढवतं, तर शुगर असणाऱ्यांनी हे नाव पाठच करून ठेवा.

मग येतात ते आकडे. 'अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर ३३०', 'इमल्सिफायर ३२२', असे. यावर व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं घाबरवणारं फिरत असतं की लोक आकडा दिसला की पाकीट ठेवून देतात, आणि हे मला बरोबर वाटत नाही. आयएनएस ही आंतरराष्ट्रीय नंबर पद्धत आहे, पदार्थ ओळखण्यासाठी, बास. ३३० म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, आपलं लिंबूसत्त्व. ३२२ म्हणजे लेसिथिन, तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं, ते बहुतेक वेळा सोयाबीनचं असतं. ५०० आणि पुढे कंसात रोमन दोन असेल तर तो खाण्याचा सोडा. ४१२ म्हणजे गवार गम, आपल्या गवारीच्या बियांचा. हे वाचून घाबरण्यासारखं काही नाही.

साधारण ढोबळ ओळख अशी ठेवा की १०० च्या घरातले रंग, २०० च्या घरातले टिकवण्यासाठीचे म्हणजे प्रिझर्वेटिव्ह, ३०० मध्ये अँटिऑक्सिडंट आणि आंबटपणा सांभाळणारे, ४०० मध्ये घट्टपणा आणणारे, ५०० मध्ये सोडा आणि गुठळी होऊ न देणारे, ६०० मध्ये चव वाढवणारे, आणि ९५० च्या आसपास कृत्रिम गोडी. मी स्वतः थांबते ते १०२, ११०, १२२, १२४ या नंबरांवर, हे कृत्रिम पिवळे, केशरी, लाल रंग आहेत, कायद्याने ठराविक प्रमाणात चालतात, पण मुलांच्या गोळ्या, जेली, रंगीत पाण्यांमधून रोज पोटात जाण्याची काही गरज नाही. ६२१ म्हणजे अजिनोमोटो नावाने आपल्याला माहीत असलेलं एमएसजी, ते बारा महिन्यांच्या आतल्या बाळांना देऊ नये. पुढे 'नो अ‍ॅडेड एमएसजी' लिहिलेलं असतं आणि मागे ६२७, ६३१ किंवा ६३५ असतो, हे त्याच कामाचे भाऊबंद. शाकाहारी लोकांनी १२० लक्षात ठेवावा, तो लाल रंग किड्यांपासून काढतात. आणि ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९५० असेसल्फेम पोटॅशियम, ही साखरेऐवजीची गोडी. ती घातली असेल तर तसं वेगळं छापावं लागतं, मुलांसाठी घेताना ती ओळ आवर्जून शोधा.

यादीच्या खाली किंवा शेजारी अ‍ॅलर्जीची ओळ असते. 'कंटेन्स' म्हणजे आहेच, 'मे कंटेन' म्हणजे त्याच कारखान्यात ते बनतं म्हणून थोडंफार मिसळलेलं असू शकतं. दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे प्राणी, शेंगदाणा, काजू-बदाम असे नट्स, सोया, ग्लुटेन असलेली धान्यं, सल्फाइट, ही त्यातली नावं. घरात कोणाला खरोखर अ‍ॅलर्जी असेल तर 'मे कंटेन' सुद्धा नको, आणि दर वेळी नव्याने वाचायचं, कारण कंपन्या रेसिपी बदलतात आणि पाकीट तसंच दिसतं.

आता तक्ता, 'न्यूट्रिशनल इन्फर्मेशन'. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात आणि इथेच सगळ्यात जास्त फायदा आहे, म्हणून जरा सविस्तर.

तक्त्यात एनर्जी म्हणजे कॅलरी, प्रोटीन, कार्बोहायड्रेट, टोटल शुगर, अ‍ॅडेड शुगर, टोटल फॅट, सॅच्युरेटेड फॅट (तूप, लोणी, पाम तेलात असते ती थिजणारी चरबी), ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला वाईट चरबी), कोलेस्टेरॉल आणि सोडियम एवढं असतं. एक रकाना १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरचा. दुसरीकडे 'पर सर्व्ह' म्हणून एका वेळचं प्रमाण आणि त्याने दिवसभराच्या गरजेचा किती टक्के हिस्सा भरतो ते, 'आरडीए' म्हणून. हे टक्के कशावरून काढतात तेही ठरलेलं आहे: दिवसाला २००० कॅलरी, ६७ ग्रॅम एकूण फॅट, २२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम अ‍ॅडेड साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम, जे ५ ग्रॅम मिठाएवढं होतं. हे मोठ्या माणसाचे आकडे आहेत. पाच वर्षांच्या मुलाच्या हातात तेच पाकीट असेल तर त्याच्या वाट्याचे टक्के बरेच जास्त होतात, हे पाकिटावर कुठे लिहिलेलं नसतं, आपणच धरायचं.

गोम आहे ती 'सर्व्ह' मध्ये, कारण एका वेळचं प्रमाण किती ते कंपनी ठरवते. समजा बिस्किटाच्या पुड्यावर १०० ग्रॅमला साखर २५ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट ९ ग्रॅम आहे आणि एक सर्व्ह १६ ग्रॅम, म्हणजे दोन बिस्किटं. त्या रकान्यात साखर फक्त ४ ग्रॅम दिसते, वाटतं काहीच नाही. पण चहाबरोबर दोन बिस्किटं खाऊन पुडा बंद करणारं माणूस किती घरांत आहे? सहा खाल्ली की ४८ ग्रॅम झाली, म्हणजे १२ ग्रॅम साखर आणि सव्वाचार ग्रॅमच्या वर सॅच्युरेटेड फॅट, दिवसाच्या मर्यादेचा पाचवा हिस्सा, तोही नाश्त्याच्या आधी. आणि चहातली साखर यात धरलेलीच नाही.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की सर्व्हचा रकाना सोडून द्यायचा, १०० ग्रॅमचा वाचायचा, आणि आपण खरंच किती खातो त्याने हिशोब करायचा. पुड्याचं वजन बघायचं, त्यात बिस्किटं किती ते बघायचं, बास. साखरेचे ग्रॅम ५ ने भागले की चमचे मिळतात, अंदाजे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसभराच्या कॅलरींच्या १०% च्या आत असावी आणि ५% च्या आत आली तर आणखी चांगलं, ते साधारण २५ ग्रॅम होतं, पाच चमचे. आता बाटलीतलं थंड पेय घ्या: १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर, आकडा छोटा दिसतो, पण बाटली ६०० मिलिलिटरची असेल तर ६६ ग्रॅम होते, तेरा चमचे. मुलांना डब्याबरोबर देतो ते आंब्याचं छोटं टेट्रापॅक, समजा १६० मिलिलिटर आणि १०० ला १३ ग्रॅम, तर चार चमचे साखर एका स्ट्रॉमधून गेली. द्रव पदार्थात हा गुणाकार कधीच विसरू नका.

टोटल शुगर आणि अ‍ॅडेड शुगर वेगळ्या का लिहितात तर दुधात, फळात मुळातच साखर असते. साध्या दह्याच्या डब्यावर टोटल शुगर ४-५ ग्रॅम दिसली आणि अ‍ॅडेड शून्य असेल तर ती दुधाचीच, काळजी नको. फळाच्या चवीच्या योगर्टवर अ‍ॅडेड किती ते बघा, तिथे फरक कळतो. श्रीखंडाच्या डब्यावर साखर भरपूर असणारच, ते गोड पदार्थ म्हणूनच आपण घेतो, त्याबद्दल मला काही तक्रार नाही. मला काळजी त्या पदार्थांची वाटते जे आपण 'हेल्दी' समजून रोज देतो, म्हणजे सकाळचे सीरिअल, दुधात घालायची माल्टची पावडर, ग्रॅनोला बार. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली दाखवू नका असं सांगितलं, कारण आपल्या अन्न कायद्यात हेल्थ ड्रिंक असा प्रकारच नाही. तरी घराघरात ते नाव चिकटलेलं आहे. डब्याचं झाकण उघडण्याआधी अ‍ॅडेड शुगरची ओळ वाचा आणि मग किती चमचे घालायचे ते ठरवा.

सोडियमची ओळ बीपीवाल्यांसाठी. हिशोब सोपा आहे, दर ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. किती घरांत बघते मी, डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलं की आमटी-भाजीतलं मीठ निम्मं होतं, आजोबा बिचारे अळणी जेवतात, आणि संध्याकाळी चहाबरोबर शेव, खारी, टोस्ट, जेवताना पापड आणि लोणचं तसंच चालू राहतं. समजा शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम सोडियम आहे, सर्व्ह २० ग्रॅम दाखवलीय म्हणून आरडीए फक्त ९%. वाटीभर घेतली तर सहज ६० ग्रॅम होते, मग ५४० मिलिग्रॅम, दिवसाच्या मर्यादेच्या २७%, चवीला म्हणून खाल्लेल्या शेवेत. इन्स्टंट नूडल्सचं ७० ग्रॅमचं पाकीट, १०० ला १२०० असेल तर एका बाऊलमध्ये ८४०, म्हणजे २ ग्रॅमच्या वर मीठ. सोडियम नुसतं मिठातून येत नाही हेही लक्षात घ्या, खाण्याचा सोडा, पापडखार, एमएसजी, सोडियम बेंझोएट या सगळ्यात ते असतं, त्यामुळे खारट न लागणाऱ्या ब्रेडमध्ये आणि गोड बिस्किटातही ते सापडतं. आजोबांची भाजी अळणी करण्यापेक्षा ही चार पाकिटं आधी तपासा, त्यांचं जेवण तरी चवीचं राहील.

ट्रान्स फॅटबद्दल थोडक्यात. १ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात आणि ते वापरून केलेल्या पदार्थातल्या फॅटमध्ये औद्योगिक ट्रान्स फॅट २% च्या आत ठेवणं बंधनकारक आहे, हा खरंच चांगला बदल झाला. पण ट्रान्स फॅट शून्य म्हणजे पदार्थ हलका असं नाही, कारण त्या जागी बरेचदा पाम तेल येतं आणि सॅच्युरेटेड फॅटची ओळ वर जाते, तर दोन्ही ओळी एकत्र वाचा. खाद्यतेलाच्या पिशवीवरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री'चं तर अप्रूप वाटून घेऊ नका, वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, कोणत्याच.

याच ओघात पुढच्या बाजूचे बाकीचे दावे. यांना २०१८ चे नियम आहेत आणि शब्दांना मर्यादा ठरवून दिल्यात. 'शुगर फ्री' म्हणजे १०० ग्रॅमला साखर ०.५ ग्रॅमच्या आत. 'लो फॅट' म्हणजे १०० ग्रॅमला ३ ग्रॅमच्या आत, द्रव असेल तर १.५. 'ट्रान्स फॅट फ्री' म्हणजे ०.२ ग्रॅमपेक्षा कमी. 'हाय फायबर' म्हणजे १०० ग्रॅमला किमान ६ ग्रॅम. म्हणजे दावा खोटा असतोच असं नाही, पण तो एकाच गोष्टीबद्दल असतो आणि बाकीचं तुम्हाला बघावं लागतं. शुगर फ्री बिस्किटात मैदा आहेच, फॅट आहेच, आणि कार्बोहायड्रेटची ओळ ६५-७० वर असेल तर डायबेटिस असलेल्या माणसाची साखर त्याने वाढणारच. शुगरच्या पेशंटने शुगरची ओळ नाही तर आधी कार्बोहायड्रेटची ओळ वाचायची, हे मी प्रत्येकाला सांगते. 'नो अ‍ॅडेड शुगर' म्हणजे वरून घातली नाही, पण खजुराच्या बारमध्ये खजुराची भरपूर असते. 'लाइट' कशात लाइट, रंगात की तेलात, ते तक्ता सांगेल. आणि 'बेक्ड' चिप्स तळलेल्याच्या शेजारी ठेवून फॅट आणि सोडियम या दोन ओळी ताडून बघा, कधी मोठा फरक निघतो, कधी नावापुरता. 'ब्राउन ब्रेड'वर तर रंगावर जाऊच नका, यादीत गव्हाच्या पिठाचा म्हणजे आट्याचा टक्का किती आणि १५० च्या घरातला कॅरॅमल रंग आहे का एवढं बघा. उपासाच्या पाकिटांचंही तसंच, साबुदाण्याचा चिवडा नाहीतर बटाट्याचा सळी चिवडा उपासाला चालतो म्हणून हलका होत नाही, त्यात तेल आणि साखर किती ते वाचा, आणि ज्यांना साधं मीठ, हळद चालत नाही त्यांनी यादीही वाचा.

पदार्थाचं खरं नाव काय छापलंय ते शोधायची सवय लावा, ब्रँडचं नाव नव्हे, लहान अक्षरातलं नाव. आइसक्रीमच्या कोनावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल आहे. विष नाही ते, पण आइसक्रीमच्या भावात तेल घेतोय हे कळून घ्यावं. पनीरसारख्या दिसणाऱ्या वडीवर 'अ‍ॅनालॉग' असा शब्द असेल तर ते दुधाचं पनीर नाही. ज्यूस आणि फ्रूट ड्रिंक यात तर जमीन-अस्मानाचा फरक, ड्रिंकमध्ये फळाचा भाग १०-२०% सुद्धा असू शकतो आणि बाकी साखर-पाणी, आणि '१००% फ्रूट ज्यूस' असं लिहिणं बंद करा म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे अन्नाचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, जून २०२४ मध्ये आदेश काढला कारण पाणी घालून पुन्हा पातळ केलेल्या रसावरही ते छापत होते.

यातलं सगळ्यात गंभीर म्हणजे ओआरएस, जुलाबात अंगातलं पाणी भरून काढायला देतात ते मीठ-साखरेचं औषधी मिश्रण. जुलाब-उलट्या होत असलेल्या बाळाला देण्यासाठी घाईत मेडिकलमधून टेट्रापॅक आणतात, नावात ती तीन अक्षरं असतात म्हणून. खऱ्या ओआरएसचं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण ठरलेलं आहे, १ लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. गोड पेयांमध्ये लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि इतकी साखर गेली की जुलाब आणखी वाढू शकतात, कमी होत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द कुठल्याही रूपात वापरायला मनाई केली, पण आपली सवय आणि दुकानदाराची सवय एका आदेशाने बदलत नाही. पावडरचं पाकीट मागा, त्यावर हे चार घटक आणि हे आकडे ताडून बघा, आणि जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घाला, कमी नाही जास्त नाही. आजारी लेकराच्या बाबतीत हा एक मिनिट द्याच.

तारखा. पॅकिंगची किंवा बनवल्याची तारीख आणि 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' या दोन छापाव्या लागतात, 'बेस्ट बिफोर' त्याशिवाय असू शकते. यूज बाय उलटली की पदार्थ खायचा नाही, विषय संपला. बेस्ट बिफोर म्हणजे तोपर्यंत चव, कुरकुरीतपणा उत्तम राहील असं कंपनी म्हणते. काही पाकिटांवर 'पॅकिंगपासून ६ महिने' असं लिहिलेलं असतं आणि पॅकिंगची तारीख भलतीकडेच, झाकणावर नाहीतर सीलच्या पट्टीवर, तर शोधून बोटावर महिने मोजा. खोडलेली, वरून स्टिकर चिकटवलेली तारीख असेल तर पाकीट घेऊच नका. आणि ही तारीख बंद पाकिटाची असते. सॉसची बाटली, पनीर, नारळाचं दूध उघडलं की 'उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, इतक्या दिवसांत संपवा' ही वेगळी ओळ लागू होते, मी तर उघडल्याची तारीख पेनाने झाकणावरच लिहून ठेवते. चिप्सचं पाकीट फुगलेलं असतं ते नायट्रोजन भरल्यामुळे, त्यात काही नाही, पण दह्याचा कप, पनीरची पिशवी, टिनचा डबा फुगलेला असेल तर तारीख कितीही पुढची असो, नको.

खुणा पटकन सांगते. हिरव्या चौकोनात हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, नुसतं अंडं असलं तरी त्रिकोणच, त्यामुळे केक-पेस्ट्री घेताना बघा. 'प्लस एफ' म्हणजे जीवनसत्त्वं-लोह वगैरे वरून घातलेलं, तेल, दूध, मीठ, पीठ यावर दिसतं. सेंद्रियसाठी 'जैविक भारत'ची खूण असते, नुसतं 'ऑरगॅनिक' लिहिलेलं पुरेसं नाही.

एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर प्रत्येक पाकिटावर हवा. १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी, त्यापुढचे दोन आकडे राज्याचे, आणि सुरुवातीला १०० असेल तर केंद्रीय परवाना. हा नंबर फॉसकॉस नावाच्या सरकारी साइटवर टाकला की कोणाचा आहे ते दिसतं. पण नंबर आहे म्हणजे पदार्थ पौष्टिक आहे असं सरकारने सांगितलेलं नाही, बनवणारा नोंदलेला आहे एवढंच ते सांगतं. बचत गटाच्या ताईंकडून पापड, कुरडया, मेतकूट घेताना हा नंबर आणि पॅकिंगची तारीख आपुलकीने विचारा, नसेल तर नोंदणी ऑनलाइन होते हे त्यांना सांगा, त्यांनाही दुकानात माल ठेवायला त्याचाच उपयोग होतो.

किंमत बघताना एमआरपी एकटी बघू नका, तिच्याजवळ एक ग्रॅमचा किंवा एक किलोचा भाव छापलेला असतो, युनिट सेल प्राइस म्हणून, तो बघा. दहा रुपयांचं पाकीट वर्षानुवर्षं दहालाच मिळतं पण आतले ग्रॅम कमी होत जातात, ते या आकड्यात दिसतं. 'फॅमिली पॅक' स्वस्त पडतोच असंही नाही, दोन्हींचे भाव शेजारी धरून ताडा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, थंड करण्याचे म्हणून वर दोन-पाच रुपये मागत असतील तर ते चूक आहे.

काही गडबड निघाली, अळी, बुरशी, तारीख बदललेली, वजन कमी, तर पाकीट फेकू नका आणि उरलेला पदार्थही फेकू नका. बॅच नंबर, तारीख, एफएसएसएआयचा नंबर आणि आतला पदार्थ असे नीट दिसतील असे फोटो काढा, बिल जपून ठेवा, पिशवीत बांधून नाशवंत असेल तर फ्रिजमध्ये वेगळं ठेवा. अन्नाच्या दर्जाची तक्रार असेल तर 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवर किंवा आपल्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात, आणि किंमत, वजन किंवा दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर, तिथे मराठीतही बोलता येतं. तक्रार लिहिताना बॅच नंबर पहिल्या ओळीतच द्या, कारण त्यावरूनच तो माल कुठल्या कारखान्यातून कधी निघाला ते शोधता येतं, आणि त्याच बॅचची पाकिटं अजून कुठल्या दुकानात पडून असतील तर तीही उचलता येतात.